नाव नसलेली तबकडी

(आमच्या सामुदायिक रेडिओवर झालेले भाषण. मासिकासाठी थोडे वाढवले आहे.)



मागच्या महिन्यात आपल्या केंद्रावर एका ताईंचा फोन आला होता. त्यांचा मुलगा लंडनहून सुट्टीला आला आणि येताना गाण्यांची एक मोठी काळी तबकडी घेऊन आला. किंमत विचारली तर म्हणाला, २५ पौंड. म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये झाले. कव्हरवर एका सावळ्या गायिकेचा फोटो आणि खाली गाण्याचे साल १९६७. ताईंचे म्हणणे असे, "तबकडी कोरी करकरीत आहे, वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही. मग ती जुनी कशी? आणि जुनी नसेल तर एवढी महाग का? पोराला कुणी फसवलं तर नाही ना?"

केंद्रातल्या मुलींनी प्रश्न माझ्याकडे पाठवला, कारण माझ्या घरी अशा शंभरेक तबकड्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझी सून त्यांना 'आईंचा पसारा' म्हणते. आज त्या पसाऱ्याविषयीच बोलते.

ताई, मुलाला बहुतेक कुणी फसवलेले नाही. त्याने आणली ती रीइश्यू. पुस्तकाची जशी नवी आवृत्ती निघते तशी ही गाण्याची नवी आवृत्ती. आवाज १९६७ चा आहे, प्लास्टिक आजचे आहे. पण पुस्तकाच्या आवृत्तीत जसे कुणी मन लावून शुद्धलेखन तपासते आणि कुणी नुसत्या झेरॉक्स काढून बांधणी करते, तसेच इथेही आहे. तो फरक कळला म्हणजे पैसे वाया जात नाहीत.

मला हे वेड लागले कसे ते आधी सांगते. १९७८ साली लग्न होऊन मी इंग्लंडमधल्या कॉव्हेन्ट्रीला गेले. फोल्सहिल भागात आपली माणसे पुष्कळ, तिथल्याच एका कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला लागले. माझ्या शेजारच्या मशीनवर जमैकाची एक बाई होती, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. तिचे इंग्रजी मला कळेना, माझे तिला कळेना. पण डब्यात तिच्याकडे मटणाची करी आणि माझ्याकडे चपाती, तेव्हा भाषेचे फार अडले नाही. त्यांच्याकडे मटणाला करीच म्हणतात, कारण १८४५ पासून इंग्रजांनी आपली माणसे उसाच्या मळ्यांवर मजुरीला जमैकात नेली आणि ती आपला मसाला घेऊन गेली.

शुक्रवारी पगार झाला की कधीमधी ती मला घरी न्यायची. पुढच्या खोलीत फोनो होता. तिच्याकडे एक लहान तबकडी होती, सात इंची, मधोमध मोठे भोक आणि भोवतीचा कागद कोरा पांढरा. नाव नाही, गाव नाही. किंग्स्टनहून येताना बॅगेत कपड्यांत गुंडाळून आणलेली. त्यावर एक बाई गात होती. इतका स्वच्छ, न रडता दुःख सांगणारा आवाज! मी विचारले, ही कोण? ती म्हणाली, नाव कुठे लिहिलंय? आम्ही परत आलो तेव्हा निघताना तिने ती तबकडी माझ्या हातात ठेवली. ते गाणे मी तीसएक वर्षे भाकऱ्या थापताना गुणगुणले आणि गाणारीचे नाव मला माहीत नव्हते.

कोऱ्या कागदाची तबकडी का निघत होती? त्यासाठी किंग्स्टनच्या लाऊडस्पीकरवाल्यांची गोष्ट ऐकायला हवी.

आपल्याकडे लग्नसराईत आणि गणपतीत दोन मंडळांची कुणाचा आवाज मोठा म्हणून चढाओढ लागते ना, तशी १९५० च्या सुमारास किंग्स्टनमध्ये रोजचीच होती. घरी फोनो घ्यायची ऐपत नाही, म्हणून लोक मैदानात, अंगणात लाऊडस्पीकरवर नाचायला जात. त्याला ते साऊंड सिस्टिम म्हणत. क्लेमेंट डॉड, ज्याला सगळे कॉक्सन म्हणत, आणि ड्यूक रीड हे त्यातले दोन मोठे. रीड आधी पोलिसात होता, मग बायकोबरोबर दारूचे दुकान चालवू लागला. ज्याच्याकडे दुसऱ्याकडे नसलेली तबकडी, त्याच्याकडे गर्दी. म्हणून अमेरिकेतून तबकड्या आणायच्या आणि वरचे नाव खरवडून टाकायचे, दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून. कॉक्सनने विलिस जॅक्सन या अमेरिकन वादकाच्या एका तबकडीला स्वतःचेच नाव देऊन ती वर्षानुवर्षे वाजवली. शेवटी रीडने खरे नाव शोधून काढले आणि एका रात्री तीच तबकडी आपल्या लाऊडस्पीकरवर लावली.

पुढे अमेरिकेतली आवड बदलली, हवी तशी गाणी येईनात. तेव्हा हे दोघे स्थानिक वादकांना जमवून स्वतःच ध्वनिमुद्रण करू लागले. त्यातून निघाला तो स्का. टाळी वाजवून बघा. भजनात मोजतो तसे एक, दोन, तीन, चार मोजा आणि टाळी आकड्यावर न वाजवता दोन आकड्यांच्या मधल्या जागेत वाजवा. अंग आपोआप उचलते. तीच स्काची गिटार. १९६२ मध्ये जमैका स्वतंत्र झाला तेव्हा रस्त्यावर हेच वाजत होते. १९६६ च्या आसपास चाल संथ झाली, त्याला रॉकस्टेडी म्हणाले. १९६८ पर्यंत ती आणखी बदलून रेगे झाली. माझे आवडते ते मधले, रॉकस्टेडी. दोन-अडीच वर्षेच टिकले, पण बायकांचे आवाज सगळ्यात चांगले त्यात ऐकू येतात.

नवी गाणी कागद छापून होण्याआधीच कोऱ्या कागदासकट दुकानात येत. गिऱ्हाइकाला गाणे हवे असे, नाव कुणाला हवे होते? माझ्या मैत्रिणीची तबकडी त्यातलीच.

या धंद्यात बायका कुठे होत्या, तर सगळीकडे होत्या. कॉक्सन अमेरिकेत मजुरीला गेला की त्याची आई, डॉरिस डार्लिंग्टन, मैदानात उभी राहून लाऊडस्पीकर चालवायची. सोनिया पॉटिंजर यांनी १९६५ च्या सुमारास स्वतः गाणी काढायला सुरुवात केली. जमैकात तबकड्या काढणारी ती पहिली बाई. १९७४ मध्ये ड्यूक रीड आजारी पडला तेव्हा त्याच्या ट्रेझर आयल कंपनीची गाणी तिने विकत घेतली. त्यावरून पुढे कोर्टकज्जा झाला आणि २००९ मध्ये जमैकाच्या न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी ती वारली. पस्तीस वर्षे, मैत्रिणींनो! आपल्याकडच्या जमिनीच्या दाव्याची आठवण झाली असेल.

आणि पॅट्रिशिया चिन, सगळ्यांच्या मिस पॅट. जन्म किंग्स्टनचा, १९३७. वडील भारतीय वंशाचे, आई चिनी वंशाची. नवरा व्हिन्सेंट नाणे टाकून गाणी वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सची देखभाल करायचा. त्या यंत्रांतून काढलेल्या वापरलेल्या तबकड्या विकून दोघांनी दुकान टाकले, रँडीज, १७ नॉर्थ परेड. काउंटरवर मिस पॅट. गिऱ्हाईक गाण्याचे नाव न सांगता चाल गुणगुणायचे आणि ही तबकडी काढून द्यायची. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला गेले आणि १९७९ मध्ये त्यांनी व्हीपी रेकॉर्ड्स काढली, व्हिन्सेंटचा व्ही आणि पॅटचा पी. ती आज रेगेची फार मोठी कंपनी आहे. जुनी गाणी पुन्हा काढण्यासाठी त्यांनी वेगळे लेबल केले, त्याला नाव दिले जुन्या दुकानाचा पत्ता, १७ नॉर्थ परेड.

एक गोष्ट सांगावीशी वाटत नाही, पण सांगते. स्काच्या कुठल्याही जुन्या संग्रहावर डॉन ड्रमंड हे नाव असते. स्काटलाइट्स या वाद्यवृंदातला ट्रॉम्बोनवादक, थोर वादक. जानेवारी १९६५ मध्ये त्याने आपल्या जोडीदारणीचा, मार्गारिटाचा, चाकूने खून केला. खरे नाव अनिता माहफूद, ती नर्तकी होती, गायचीसुद्धा. झोपडवस्तीतल्या काउंट ऑसीच्या ढोलवाल्यांना मोठ्या रंगमंचावर आणायचा हट्ट तिनेच धरला, असे सांगतात. तिने स्वतः गायलेले 'वूमन अ कम' हे गाणे रीइश्यूमधून मिळते. मी ड्रमंडची तबकडी लावते, नाही असे नाही. पण आधी तिचे गाणे लावते.

आता तुमच्या हातातल्या तबकडीकडे वळू. नवी आवृत्ती निघते कशी? ध्वनिमुद्रणाची मूळ टेप असते. त्या टेपवरून एका यंत्रावर लाखेसारखा थर दिलेल्या अॅल्युमिनियमच्या चकतीवर खाच कोरतात. त्या चकतीवर चांदीचा हात देऊन वर निकेल चढवतात, ते सोलून काढले की उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटा, सुलट्यावरून पुन्हा उलटे, आणि त्या शेवटच्या दोन उलट्या ठशांमध्ये गरम प्लास्टिकचा गोळा ठेवून दाबायचा. सांडगे नाही तर अनारसे, साचा चांगला तर माल चांगला. या कोऱ्या चकत्या करणारे कारखाने जगात दोनच उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला. सगळा भार जपानमधल्या दुसऱ्यावर पडला.

खरी अडचण टेपची. जमैकात टेप महाग, म्हणून जुने पुसून त्यावरच नवे ध्वनिमुद्रण करत. उरल्या त्यांना दमट हवेने खाल्ले. मग कंपनी काय करते, तर कुणाकडची तरी चांगली जुनी तबकडी मिळवते, ती वाजवून, खरखर शक्य तितकी साफ करून त्यावरून नवी काढते. यात खोटे काही नाही. चांगल्या कंपन्या कव्हरवर तसे लिहितात. लंडनची सोल जॅझ घ्या, तिने स्टुडिओ वनच्या गाण्यांचे संग्रह काढले, त्यात एक फक्त गायिकांचासुद्धा आहे. अशा संग्रहांबरोबर माहितीची पानेच्या पाने असतात. कोण गायले, कोणी वाजवले, कधी. मी तर आधी ती वाचते.

चोरटा माल वेगळा. माझीच फजिती ऐका. टपालाने एका विक्रेत्याकडून तबकडी मागवली, स्वस्त पडली म्हणून खूश झाले. आली ती बघते तर वरचा कागद झेरॉक्ससारखा पुसट, कंपनीचा पत्ता नाही, साल नाही. लावली तर गाणे पिंपात बसून गायल्यासारखे, आणि मध्येच टक्‌टक्‌. उन्हात धरून पाहिली, एक ओरखडा नाही. मग लक्षात आले, ओरखडे होते ते ज्या जुन्या तबकडीवरून चोरून काढली तिच्यावरचे! विक्रेत्याला लिहिले, उत्तर नाही. तेव्हा एक खूण ध्यानात ठेवा: डोळ्यांना दिसत नाही असा ओरखडा कानाला ऐकू आला, आणि कव्हरवर त्याचा खुलासा नसेल, तर संशय घ्या. 'एकशे ऐंशी ग्रॅम' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्यावर जाऊ नका. जाड तबकडी हाताला बरी लागते, आवाज वजनाने सुधारत नाही.

काही लोक म्हणतात, रीइश्यू कशाला, मूळ तबकडीच घ्यावी. मूळ जमैकन तबकडीचा ठेका छातीत घुमतो हे खरे. पण बऱ्याच मुळात वाईट प्लास्टिकच्या, भोक मधोमध नसलेल्या, त्यामुळे सूर डुलतो. आणि किमती! आमच्या कारखान्यात एक गोरा मेकॅनिक होता, शनिवारी बॅग घेऊन विगनला जायचा. तिथल्या विगन कसिनो नावाच्या हॉलमध्ये १९७३ ते १९८१ रात्रभर नाच चालायचे. या रात्रींना दारू नाही, जमिनीवर टाल्कम पावडर टाकायची आणि अमेरिकेतली साठच्या दशकातली, तिथे कुणी विचारले नाही अशी कृष्णवर्णीयांची गाणी लावायची. याला नॉर्दर्न सोल म्हणतात. तिथले गाणी लावणारेसुद्धा तबकडीवर कागद चिकटवून खोटे नाव सांगत. किंग्स्टनचीच युक्ती! त्यातली सगळ्यात महाग फ्रँक विल्सनची १९६५ ची तबकडी. कंपनीने जवळजवळ सगळ्या प्रती नष्ट केल्या, हातावर मोजण्याइतक्या उरल्या. त्यातली एक २००९ मध्ये २५ हजार पौंडांहून जास्त किमतीला गेली. तेच गाणे १९७९ मध्ये रीइश्यू झाले आहे. गाणे तेच, ठेका तोच.

आणि माझा मुख्य मुद्दा इथेच आहे. ते २५ हजार पौंड कुणाला मिळाले? आधीच्या मालकाला. गायकाला त्यातला पैसाही नाही. जुनी तबकडी म्हणजे जुनी साडी, विकणाऱ्याचे पैसे. विणकराला काही द्यायचे तर नवी विकत घ्यावी लागते. रीइश्यू काढायची तर सरळ कंपनीला हक्क कुणाचा हे शोधावे लागते, कागद करावे लागतात.

म्हणून सगळे गंगेत न्हाले असे नाही. त्या काळी किंग्स्टनमध्ये गाणाऱ्याला एका गाण्याचे ठरलेले पैसे एकदाच मिळत, कागद बहुधा नसे. गाणे कुणी रचले या जागी गाणी काढणाऱ्या मालकाने आपलेच नाव टाकले, असे पुष्कळ झाले. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा आला १९९३ मध्ये, तोवर इंग्रजांच्या वेळचा जुनाच चालला. तेव्हा हक्क शोधला तरी तो मालकाच्या वारसांपाशी जाऊन थांबू शकतो. गाण्याच्या नावाखाली कंसात जे बारीक नाव असते, ते रचनाकाराचे. रचनेचे पैसे त्या नावाला जातात. म्हणून मी दुकानात चष्मा लावून आधी तेच वाचते.

डॉन पेन यांचे उदाहरण बघा. १९६७ मध्ये स्टुडिओ वनसाठी एक गाणे गायल्या. नंतर गाणे सोडून जमैकाबाहेर व्हर्जिन बेटांवर राहायला गेल्या, सतरा वर्षे तिकडेच. परत आल्या, तेच गाणे नव्याने गायल्या, आणि १९९४ मध्ये ते इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. सगळ्यांच्या नशिबी अशी दुसरी फेरी नसते.

माझ्या कोऱ्या तबकडीवरची बाई कोण, ते मला मुलाकडे लंडनला गेले असताना कळले. एका दुकानात ट्रेझर आयलच्या गाण्यांचा नवा संग्रह लावला होता. दुसरे की तिसरे गाणे सुरू झाले आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. काउंटरवरच्या मुलाने कव्हर दाखवले. फिलिस डिलन, 'डोन्ट स्टे अवे', १९६६. लिनस्टेड गावची मुलगी, ड्यूक रीडची सगळ्यात चांगली गायिका. १९६७ च्या शेवटी ती न्यूयॉर्कला गेली आणि बँकेत नोकरीला लागली. नोकरी सांभाळून विमानाने किंग्स्टनला यायचे, गाणे मुद्रित करायचे, परत जायचे, असे काही वर्षे केले. १९७१ मध्ये ते थांबवले. मी कॉव्हेन्ट्रीत तिचा आवाज ऐकत होते तेव्हा तिचे गाणे कधीच मागे पडले होते. ती २००४ मध्ये वारली. मला नाव कळले त्याच्या आधीच.

मैत्रिणीलाही सांगायचे होते. ती तोवर राहिली नव्हती. तिच्या मुलीला मी तो संग्रह पाठवला, त्या गाण्यावर पेन्सिलीने खूण करून.

आता तबकड्या जपण्याविषयी थोडे, कारण पावसाळा तोंडावर आहे आणि पोटमाळ्यावर एचएमव्हीच्या जुन्या तबकड्या आहेत असे फोन तर नेहमीच येतात. त्या जाड, पडली की फुटणाऱ्या तबकड्या आणि ही प्लास्टिकची यांत घोळ करू नका. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्यांत लाख असते, बांगड्यांची असते तीच. त्यांना स्पिरिट लावले की वरचा थर विरघळलाच म्हणून समजा. आणि त्या नव्या मशीनच्या बारीक सुईवर लावू नका, त्यांची खाच रुंद असते. प्लास्टिकच्या तबकडीला ओल नाही, ऊन वाईट. पत्र्याच्या खालच्या माळ्यावर ती पापडासारखी वाकते. ओलीने खराब होते ते कव्हर, आणि आतल्या कागदाला बुरशी आली की ती खाचेत जाते. तो कागद बदला. धुवायची तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात साध्या लिक्विड साबणाचा एखादा थेंब, मऊ फडके आणि खाचेच्या दिशेने गोल गोल. मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचे नाही. ठेवताना पुस्तकासारख्या उभ्या. एकावर एक रचल्या की खालच्या गेल्या. मोठ्या भोकाची लहान तबकडी मिळाली तर मधे बसवायची प्लास्टिकची चकती मिळते, ती घ्या. बाटलीचे झाकण बसवून बघू नका, मी बघितले आहे.

तर ताई, मुलाला कव्हरच्या मागची बारीक अक्षरे वाचून दाखवायला सांगा. कंपनीचे नाव, साल, हक्क कुणाचा, रचना कुणाची. हे सगळे असेल तर त्याने २५ पौंड बरे घालवले. घरी मशीन नसेल तर तबकडी घेऊन माझ्याकडे या. मंगळवारी दुपारी दोननंतर मी घरीच असते. पंधरा-वीस मिनिटांनी बाजू उलटावी लागते, तेवढ्यात चहा होतो.